विशाखापट्टणम: तिथे संध्याकाळ सोलापूरच्या आधी होते

कटिकी धबधब्याहून उतरून जीपपाशी आलो तेव्हा घड्याळात सहाला पाच कमी होती आणि समोरचा माणूस दिसत नव्हता. आई जीपमध्ये एकटीच बसून होती. ड्रायव्हर चहाला म्हणून गेला होता तो परतलाच नव्हता. तिच्याकडे मोबाइल होता, पण रेंज नव्हती. तिचा हात हातात घेतला तर गार पडलेला. ती एवढंच म्हणाली, "किती वेळ रे लावला." विशाखापट्टणमच्या पाच दिवसांच्या सहलीतलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच, म्हणून आधी तेच लिहितोय.

आमचं गणित कुठे चुकलं ते सांगतो. सोलापुरात डिसेंबरात साडेपाचला ऊन गच्चीवर असतं, सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. विशाखापट्टणम आपल्यापेक्षा रेखांशाने सात अंशांहून जास्त पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. म्हणजे तिथे सूर्य अर्धा तास आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात पाच पंचविसाच्या आसपास सूर्यास्त, आणि डोंगराच्या घळीत त्याच्याही आधी अंधार. प्रवासाची आखणी करून देणाऱ्याने हे सांगितलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: "बोरा गुहा, नंतर कटिकी, जीप थेट धबधब्यापर्यंत." शेवटचे तीन शब्द साफ खोटे आहेत.

जीप थेट जात नाही. रस्ता म्हणायलाही जीव होत नाही, नारळाएवढ्या दगडांचा ओढा आहे तो. पूर्ण वेळ पहिला गिअर. बायकोने वरच्या लोखंडी दांड्याला घट्ट धरलं होतं, एका वळणावर गचका बसला आणि तिच्या दोन बांगड्या तिथेच फुटल्या. मनगटातून रक्त आलं. मुलाला मांडीवर दाबून धरावं लागलं. जीप जिथे थांबते तिथून पुढे चढ, दगड आणि ओल. आम्हाला अर्धा तास लागला. गुडघ्याचा त्रास असलेल्या कोणालाही नेऊ नका. आईला जीपमध्ये बसवून जाणं ही माझी चूक होती. तिला बोरा गुहेपाशीच, माणसांच्या वर्दळीत, बसवायला हवं होतं.

आता पैशाचं. माझं लहानपण सोलापूरच्या अशोक चौकात गेलं. शेजारीपाजारी सगळे विणकर, घराघरात तेलुगू. मला ती अस्खलित येत नाही, पण कळते. बोरा गुहेबाहेर जीपवाल्याला भाव विचारला, तर तो उत्तर द्यायच्या आधी साथीदाराकडे वळून म्हणाला, "हिंदीवाळ्ळु, रेंडु वेलु चेप्पु." हिंदीवाले आहेत, दोन हजार सांग. मी म्हणालो, "अन्ना, माकु तेलुगु वच्चु." दादा, आम्हाला तेलुगू येते. त्याचा चेहरा उतरला आणि भाव बाराशेवर आला. आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी दोन हजार मोजले. जीप तशीच, रस्ता तोच. परत आल्यावर मात्र त्याने थांबल्याचे म्हणून आणखी तीनशे मागितले. काळोखात, आई कुडकुडत असताना, मी वाद घातला नाही. दिले. म्हणून आधीच बोलून घ्या: जाणं, येणं आणि थांबणं धरून एकच आकडा, जीप कुठे थांबणार ती जागा, आणि ड्रायव्हर गाडी सोडून जाणार नाही. तेलुगू येत नसेल तरी "एंत?" (किती?) विचारता येतं आणि "वद्दु" (नको) म्हणता येतं. एवढ्या दोन शब्दांनीही बोलण्याचा सूर बदलतो.

धबधबा चांगला आहे का? डिसेंबरात पाणी बारीक होतं. बघितल्याचं समाधान मिळालं, पण ज्या त्रासाने बघितला त्याच्या मानाने काही नाही. पावसाळा सरता सरता, बूट घालून, दुपारी एकच्या आत बोराहून निघता येत असेल तर जा. नाहीतर सोडून द्या.

बोरा गुहा सोडू नका. सकाळी सातच्या आत विशाखापट्टणमहून सुटणारी किरंदुल पॅसेंजर घ्या आणि बोरा गुहालु स्टेशनला उतरा. घाटात बोगद्यामागून बोगदा येतो. काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही आहे, पण त्याचं आरक्षण सोलापूरहून निघण्यापूर्वीच करा, ऐन वेळी मिळत नाही. गुहा चुनखडीची. गोस्तनी नदीच्या पाण्याने दगड विरघळून झालेली. तिथले लोक सांगतात की एक गाय वरच्या भोकातून आत पडली, तिला शोधायला गुराखी उतरला आणि त्याला शिवलिंग सापडलं. नदीचं नाव त्या गाईच्या स्तनावरून पडलं. पायऱ्या भरपूर आणि ओल्या आहेत, चपला नकोतच. माकडं हातातली पिशवी ओढतात. आईने शिवलिंगापर्यंत जायचा हट्ट धरला आणि ती गेली, दोन वेळा बसून, पण गेली. खरं तर तिथेच दिवस संपवायला हवा होता.

रात्री डोंगरातल्या अराकू गावाला साडेआठला पोहोचलो. दुसरा दिवस अराकूत मजेत गेला, कॉफी घेतली, आदिवासी संग्रहालय बघितलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

दुसरा मोठा धोका शहरातल्या समुद्राचा. आर. के. बीचवर पोहायला उतरू नका. आपण सोलापूरचे हिप्परगा आणि सिद्धेश्वर तलाव बघत वाढलेली माणसं, पाणी म्हणजे स्थिर असं आपल्या डोक्यात असतं. तिथे लाट परत जाताना पायाखालची वाळू खेचून नेते. माझा मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि एका लाटेत बसकण मारून दोन हात पुढे गेला. मी त्याला दंडाला धरून ओढलं तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती. किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक आहेत, ते वाचा. पाण्यात जायचंच असेल तर ऋषिकोंडा बीचला जा. २०२० मध्ये त्याला ब्ल्यू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालाय आणि किनारा जास्त नीटनेटका आहे, पण मुलाचा हात तिथेही सोडू नका.

आणखी एक. पहिल्याच संध्याकाळी आम्ही मुंबई-रत्नागिरीच्या सवयीने समुद्रात सूर्यास्त बघायला जाऊन बसलो. हा पूर्व किनारा. इथे सूर्य पाण्यातून उगवतो आणि मागच्या डोंगरामागे मावळतो. मग बुधवारी अराकूहून परत आल्यावर गुरुवारी पहाटे सव्वासहाला किनाऱ्यावर गेलो. मासेमारीच्या होड्या वाळूवर ओढत होते, आणि पाण्याच्या रेषेवर आधी तांबूस, मग एकदम लाल गोळा. बायको काही बोलली नाही, तिने पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले.

किनाऱ्यावरचं पाणबुडीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं हे आम्हाला दारात गेल्यावर कळलं. आयएनएस कुरसुरा, १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेली, २००१ मध्ये निवृत्त, आणि २००२ पासून किनाऱ्यावर ओढून आणून संग्रहालय केलेली. इतर दिवशी दुपारी दोननंतर जा. एक्क्याण्णव मीटर लांबीच्या त्या नळीत सत्तर-पंचाहत्तर माणसं राहायची. आत माहिती देणारे निवृत्त नौसैनिक आहेत. आमच्या वाट्याला आलेल्या काकांनी टॉर्पेडोच्या नळीवर हात ठेवून सांगितलं की झोपायची फळी एक आणि माणसं दोन, एक उठला की दुसरा त्याच गरम जागेवर आडवा व्हायचा. १९७१ च्या युद्धात ही पाणबुडी समुद्रात होती. त्याच डिसेंबरात, तीन आणि चार तारखेच्या मधल्या रात्री, पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच शहरासमोर बुडाली. बाहेर येऊन समुद्राकडे बघताना अंगावर काटा आला. सगळ्या सहलीत मुलाने एकच जागा पुन्हा बघायला मागितली, ती ही. वाकून चालावं लागतं, कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी जाऊ नये. रस्त्यापलीकडे नौदलाच्या टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे, तेही याच दुपारी उरकतं.

कैलासगिरी टेकडी, रोपवे, शंकर-पार्वतीच्या मोठ्या मूर्ती: सोमवारी बघितलं, छान. सिंहाचलमच्या देवळाला वेळ काढा. नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते, मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं.

खाण्याचं फार लिहीत नाही. पेसरट्टु, म्हणजे मुगाचा डोसा, सकाळी खा, आणि आपल्या शेंगा चटणीची बरणी बरोबर असू द्या, आईने त्यावरच दोन दिवस काढले. जाताना आम्ही कोणार्क एक्स्प्रेसने गेलो. रात्री सोलापूरला बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखापट्टणम, गाडी बदलावी लागत नाही.

गुरुवारी दुपारी पाणबुडी होती, पण त्याच्या आधी सूर्योदय बघून थेट बुरुजुपेटला कनकमहालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. मार्गशीर्षातला गुरुवार, आपल्याकडे घट मांडायचा दिवस, आणि तिथेही याच महिन्यातले गुरुवार सगळ्यात मोठे. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बायको घरची पूजा चुकली म्हणून चार दिवस मनातून खट्टू होती. देवीच्या डोक्यावर छत नाही, उघड्या आभाळाखाली उभी आहे, आणि पुजाऱ्याची मध्यस्थी नाही, बाया स्वतः हळद-कुंकू लावतात. बायकोने मनगटावरची पट्टी मागे सारली आणि स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. रांगेत अडीच तास गेले. मार्गशीर्षात गुरुवारी जाणार असाल तर पहाटे पाचच्या आत रांगेत उभे राहा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवून एकाने जागा धरा.