मेम्फिसहून शेफील्डपर्यंत, रेकॉर्डींच्या मागावर

रॉक संगीत ऐकायला कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी, असे कोणी विचारले की मी एकच अल्बम कधी सुचवत नाही, जोडी सुचवतो. एक अल्बम नामांकित बँडचा आणि त्याच्याबरोबर, त्या बँडने ज्याच्याकडून घेतले त्या मूळ कलावंताचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी, मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांतून मोटारीने हिंडताना या जोड्या नकाशावरही एकमेकींच्या किती जवळ आहेत हे दिसले, आणि माझा हा आग्रह अधिकच पक्का झाला.

मेम्फिसमध्ये बहुतेक प्रवासी युनियन अव्हेन्यूवरच्या, एल्विस प्रेस्लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सन स्टुडिओत जातात, तसा मीही गेलो. मात्र माझा पाय अडकला तो मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या स्टॅक्स संग्रहालयात. स्टॅक्स ही सोल संगीताच्या रेकॉर्डी काढणारी कंपनी, आणि तिचा मूळ स्टुडिओ एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेला होता. ती इमारत १९८९ साली पाडली गेली आणि त्याच जागी उभारलेले हे संग्रहालय २००३ साली खुले झाले. चित्रपटगृहाच्या जमिनीचा उतार स्टुडिओत तसाच राहिला होता. नव्या बांधणीतही तो मुद्दाम राखला आहे आणि चालताना पायांना स्पष्ट जाणवतो. सोल गायक ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम १९६५ साली स्टॅक्समध्येच, बहुतांशी एका दिवसरात्रीत ध्वनिमुद्रित झाला. त्यात सोल गायक सॅम कुकच्या गाण्यांच्या बरोबरीने, अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतावर पोसलेल्या रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचे, तेव्हा नुकतेच आलेले ‘सॅटिस्फॅक्शन’ही आहे. मूळ गाण्यात गिटारवर असलेली ती प्रसिद्ध सुरावट येथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवतात. देवाणघेवाण एकाच दिशेने होत नव्हती, याचा इतका आनंददायक पुरावा दुसरा नाही.

मेम्फिसच्या दक्षिणेला, तासाभराच्या आत, मिसिसिपीतले कोमो हे छोटे गाव लागते. शेती करून पोट भरणारा फ्रेड मॅकडॉवेल येथे राहत असे. लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने १९५९ साली त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तोवर बाहेरच्या जगाला तो ठाऊकच नव्हता. गावाजवळच्या हॅमंड हिल चर्चच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे आणि वरच्या शिळेवर ‘यू गॉट टू मूव्ह’ या त्याने गायलेल्या भक्तिगीताचे शब्द कोरलेले आहेत. त्याचा १९६९ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘आय डू नॉट प्ले नो रॉक ‘एन’ रोल’ हा अल्बम माझ्या यादीत पहिला आहे. बोटात नळी चढवून ती तो गिटारच्या तारेवरून घसरवतो; या वादनाला स्लाइड म्हणतात. गाता गाता ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेले शब्द गिटारकडून म्हणवून घेतो. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही घसरण पहिल्या ऐकण्यातच आपलीशी वाटते. बॉनी रेट या गायिकेने स्लाइडचे धडे त्याच्याकडूनच घेतले. तिचा १९७३ सालचा ‘टेकिन माय टाइम’ मॅकडॉवेलनंतर लगेच लावावा.

कोमोहून पश्चिमेला क्लार्क्सडेल. ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे, रॉकच्या मुळाशी असलेले संगीत. जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीतल्या डेल्टा ब्लूज संग्रहालयात, ब्लूज गायक मडी वॉटर्स स्टोव्हॉल मळ्यावर ज्या लाकडी घरात राहत होता, ते घर उभे केले आहे. त्याचा १९७७ सालचा ‘हार्ड अगेन’ मोठ्या आवाजात ऐकावा. निर्माता आणि गिटारवादक जॉनी विंटरच्या, भान हरपून दिलेल्या आरोळ्या त्यात जशाच्या तशा राहिल्या आहेत.

तेथून पूर्वेला उलटे फिरून मी अलाबामातले शेफील्ड गाठले. ३६१४, जॅक्सन हायवे हा पत्ता असलेली मसल शोल्स साउंड स्टुडिओची इमारत रस्त्यावरून अगदी सामान्य दिसते. पूर्वी तेथे शवपेट्या ठेवत असत. चार स्थानिक वादकांनी १९६९ साली हा स्टुडिओ सुरू केला आणि त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्सने येथे तीन गाणी ध्वनिमुद्रित केली, जी १९७१ सालच्या ‘स्टिकी फिंगर्स’मध्ये आली. त्यांतले एक ‘यू गॉट टू मूव्ह’. कोमोच्या दफनभूमीतली ती ओळ डोक्यात घेऊन या खोलीत उभे राहिलो, तेव्हा मला खरोखर भरून आले. स्टोन्सनी त्या गाण्याला सजवले नाही, उलट स्लाइड आणि गळा एकाच चालीवर ठेवून त्याचा संथपणा जपला. श्रेयात मॅकडॉवेलचे नावही आले. म्हणूनच हा अल्बम मला त्यांचा सर्वोत्तम वाटतो, आणि मॅकडॉवेलच्या अल्बमशी त्याची जोडी मी कोणालाही डोळे मिटून सुचवीन.

याच स्टुडिओतल्या वादकांनी साथ केलेला आणखी एक अल्बम मात्र चुकवू नये: द स्टेपल सिंगर्स या एकाच कुटुंबातल्या गायकांचा, स्टॅक्सने १९७२ साली काढलेला ‘बी ऑल्टिट्यूड: रिस्पेक्ट युवरसेल्फ’. कुटुंबप्रमुख पॉप्स स्टेपल्सचे बालपण मिसिसिपीतल्या डॉकरी मळ्यावर चार्ली पॅटनचे ब्लूज ऐकण्यात गेले. पुढे शिकागोत त्याने मुलांना घेऊन चर्चमधून गाणे सुरू केले. ‘आय विल टेक यू देअर’ या गाण्यात शब्द अगदी मोजके आहेत. मध्येच पॉप्सची मुलगी मेव्हिस स्टेपल्स वादकांना नावाने साद घालते आणि डेव्हिड हूडचा बास गिटार पुढे येतो. तेवढा भाग चांगल्या हेडफोनवर ऐकावा, कारण फोनच्या स्पीकरवर तो बास जवळजवळ हरवून जातो.