वाय-फाय जोडलेले, पण इंटरनेट नाही: एका घरातील दोन डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरांचा माग

साताऱ्यातील मामांच्या दुमजली घराचे वाय-फाय नीट लावण्याचे काम सध्या हाती घेतले आहे, त्याची ही प्रगतीची नोंद. खालच्या मजल्यावर फायबरचा ओएनटी (फायबरची ओळ घरात उतरवून वाय-फायही देणारा डबा), तिथून जिन्याच्या कडेने वर नेलेली इथरनेट केबल आणि वरच्या खोलीत एक जुना दोन बँडांचा राउटर, एवढीच मांडणी आहे. वरचा राउटर स्थानिक केबलवाल्याच्या माणसाने बसवून दिला होता आणि दोन्ही उपकरणांना एकच नाव व एकच पासवर्ड ठेवला होता, जेणेकरून घरात कुठेही गेले तरी फोन आपोआप जोडलेला राहावा. तक्रार अशी की फोन वाय-फायला लगेच जोडला जातो, परंतु चिन्हाशेजारी छोटे उद्गारचिन्ह उमटते आणि नावाखाली इंटरनेट नसल्याचा मजकूर येतो. ही अवस्था कधी तासभर टिकते, कधी दिवसभर, आणि एका फोनवर ती असताना शेजारचा फोन खुशाल व्हिडिओ दाखवत असतो.

“अरे, रेंज तर फुल्ल आहे, मग नेट का चालत नाही?” हा मामांचा प्रश्न. पट्ट्या सांगतात त्या फक्त फोन आणि जवळचा राउटर यांच्यातील रेडिओ संकेताविषयी. पासवर्डची देवाणघेवाणही त्या दोघांतच पूर्ण होते आणि त्यासाठी राउटरच्या पलीकडे काही असण्याची गरज नसते. इंटरनेट आहे की नाही, हे फोन स्वतंत्रपणे तपासतो. अँड्रॉइड फोन जोडणी झाल्याबरोबर गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवतो आणि २०४ या क्रमांकाचे, म्हणजे मजकूर नसलेले, उत्तर येते का ते पाहतो. आयफोन ॲपलच्या एका पानावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो. हे उत्तर आले नाही, तर फोन उद्गारचिन्ह दाखवतो. म्हणजे हा संदेश केवळ एक चाचणी नापास झाल्याचे सांगतो. आयपी पत्ता (जाळ्यातील ओळखीचा आकडा) मिळण्यात, गेटवेत (जाळ्याबाहेर जाण्याच्या दारात), नाव शोधण्यात (डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता काढण्यात) की बाहेरच्या मार्गात नक्की काय बिघडले, हे त्यातून कळत नाही.

घरात यावर रूढ झालेला उपाय एकच होता, तो म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे. दोष टिकून असताना या उपायाला मी सक्त मनाई केली. फोन, राउटर आणि ओएनटी यांच्यात त्या क्षणी जी स्थिती असते, तोच आपला पुरावा असतो आणि बटण दाबले की तो पुसला जातो. शिवाय या घरात तो उपाय चमत्कारिक वागत असे: वरचा राउटर बंद-चालू केला की बहुधा गुण येई, खालचा ओएनटी केला की कधी कधी आधी चालणारे फोनही बंद पडत, आणि वीज जाऊन आली की हमखास सगळ्यांचेच इंटरनेट जाई. हा नमुना निरर्थक वाटला, तरी लिहून ठेवला होता, आणि पुढे त्यानेच उलगडा केला.

बाहेरच्या ओळीची शंका आधी दूर केली. ओएनटीवरील पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा होता, लॉसचा (संकेत तुटल्याचा) लाल दिवा बंद होता आणि केबलने थेट ओएनटीला जोडलेल्या लॅपटॉपवर सर्व काही सुरळीत चालत होते. जोडणी पीपीपीओईची (नाव-पासवर्ड देऊन उघडणारी) असल्यामुळे पाकिटाच्या, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याच्या, आकाराचीही चाचणी घेतली. तुकडे करण्यास मनाई करून पाठवलेले १४६४ बाइटांचे पिंग, म्हणजे चाचणीचे पाकीट, गेले, १४६५ चे गेले नाही. त्यात २८ बाइटांचे शीर्ष मिळवले की १४९२ होतात आणि पीपीपीओईची मर्यादा तितकीच असते, म्हणून तिथेही दोष नव्हता. फोनचे घड्याळ चुकले असेल तर प्रमाणपत्रे अवैध ठरून हीच लक्षणे दिसू शकतात, पण घड्याळेही बरोबर होती.

त्यानंतर बिघडलेला फोन आणि चालणारा फोन शेजारी ठेवून दोघांच्याही वाय-फाय सेटिंगमधील तपशिलाचे पान उघडले. चालणाऱ्या फोनवर आयपी पत्ता १९२.१६८.१.३७ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असे होते. बिघडलेल्या फोनवर पत्ता १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१. सबनेट मास्क (पत्त्याचे पहिले तीन आकडे जाळ्याचे, असे सांगणारा) दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, आणि संकेत बिघडलेल्या फोनवरच अधिक चांगला, उणे ४८ डीबीएम (शून्याच्या जितके जवळ तितका संकेत जोरदार). एकाच नावाच्या, एकाच घरातील वाय-फायवर तिसरा आकडा वेगळा असणे हे पुरेसे बोलके होते. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ हे ठाऊक होते, मग १९२.१६८.०.१ या पत्त्यावर कोण बसले आहे? ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकताच वरच्या राउटरचे लॉगिन पान उघडले.

वर जाऊन पाहिले, तर जिन्यातून आलेली केबल राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये नसून लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये खोचलेली होती. ही मांडणी मुळात चुकीची नाही. जुना राउटर केवळ ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणारे उपकरण) म्हणून वापरायचा असेल, तर असेच करतात. मात्र त्यासाठी त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी सर्व्हर, बंद करावा लागतो, आणि तो इथे सुरूच होता. त्यामुळे घराच्या एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले होते. फोन नव्याने जोडला गेला की “मला पत्ता द्या” अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी देतो, दोन्ही सर्व्हर आपापला देकार पाठवतात आणि फोन साधारणपणे आधी पोहोचलेला देकार स्वीकारतो. ओएनटीचा देकार आधी आला तर गेटवे योग्य मिळतो. वरच्या राउटरचा आला तर फोन आपली सगळी पाकिटे अशा गेटवेकडे पाठवत राहतो, ज्याचा वॅन पोर्ट रिकामा आहे.

हा तर्क पक्का करण्यासाठी बिघडलेल्या फोनवर पत्ता स्वयंचलित घेण्याऐवजी हाताने भरला: १९२.१६८.१.२००, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८. सेव्ह करताच उद्गारचिन्ह नाहीसे झाले. फोन तोच, जागा तीच, रेडिओ जोडणीही वरच्याच राउटरशी. बदलले ते पत्ता, गेटवे आणि डीएनएस एवढेच. नंतर लॅपटॉपवर एनमॅप या जाळे तपासणाऱ्या साधनाची ‘ब्रॉडकास्ट डीएचसीपी डिस्कव्हर’ ही स्क्रिप्ट चालवली, तेव्हा एकाच हाकेला दोन वेगवेगळ्या सर्व्हरांचे देकार एकाखाली एक छापून आले. घरगुती जाळ्यात हा प्रयोग ज्यांनी केला नसेल, त्यांनी एकदा अवश्य करून पाहावा; उत्तर एकच यायला हवे.

आता तो चमत्कारिक नमुना उलगडतो. वीज आली की वरचा हलका राउटर लवकर उठतो, ओएनटीला मात्र उठायला बराच अधिक वेळ लागतो. त्या मधल्या वेळात जोडले गेलेले सगळे फोन वरच्याकडूनच पत्ते घेऊन बसतात. ओएनटी एकटाच बंद-चालू केला तर त्यावरचे फोन त्याच नावाच्या वरच्या राउटरकडे सरकतात आणि तेव्हा ज्याला नवा पत्ता हवा असतो, त्याला उत्तर देणारा एकच सर्व्हर हजर असतो. याउलट वरचा राउटर बंद केला की पत्ता फक्त ओएनटीकडून मिळतो, म्हणून गुण येतो. एरवी जो फोन दिवसभर घरातच असतो, तो पत्त्याच्या मुदतीच्या निम्म्या वेळेला ज्याने पत्ता दिला त्याच सर्व्हरकडे थेट नूतनीकरण मागतो, त्यामुळे त्याचे बरे-वाईट आहे तसे चालू राहते. मामांचा फोन रोज बाहेर जाऊन परत येई आणि दर वेळी नव्याने पत्ता मागे, म्हणून तक्रारही त्यांचीच सर्वाधिक होती.

आणखी एक गोष्ट दिशाभूल करणारी होती. दोष वरच्या राउटरचा असूनही तो ओएनटीच्या शेजारी उभे राहिल्यावरही दिसे. दोन्ही उपकरणे केबलने एकाच जाळ्यात असल्यामुळे देकार कुठूनही कुठेही पोहोचतो. शिवाय वर चुकीचा पत्ता घेतलेला फोन खाली आणला, तर नाव तेच असल्याने तो पत्ता न बदलता सरकतो आणि चुकीचा गेटवे सोबत घेऊनच खाली येतो. मामींचा फोन मात्र “कधीच बिघडत नाही” अशी ख्याती होती. त्याचे कारण मोबाइल डेटा कायम सुरू असणे; वाय-फाय चाचणीत नापास झाले की अँड्रॉइड मुकाट्याने मोबाइल डेटावर चालत राहते. रोजचा डेटा दुपारीच का संपतो, या त्यांच्या वेगळ्या तक्रारीचा निकाल यातच लागला.

दुरुस्ती थोडक्यात झाली. वरच्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर बंद केला आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ ठेवला, ओएनटी वाटत असलेल्या पत्त्यांची सुरुवात १० पासून करून दिली, म्हणजे २ हा पत्ता कुणाला जाणार नाही. केबल लॅनमध्येच राहू दिली. ती वॅनमध्ये घालूनही इंटरनेट सुरू झाले असते, पण मग पत्त्यांचे भाषांतर (घरातला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणे) दोनदा झाले असते आणि वरच्या मजल्यावरील फोनला खालचा प्रिंटर व टीव्ही आपोआप सापडले नसते, कारण त्यांचा शोध घेणारी हाक सहसा राउटर ओलांडून जात नाही. जुने पत्ते घेतलेल्या फोनांना विमान मोड लावून काढायला सांगितले. एनमॅपला आता एकच देकार दिसतो.

जाता जाता, मोठ्या कार्यालयांतील स्विचमध्ये (जाळ्याच्या केबली जोडणाऱ्या पेटीत) परका डीएचसीपी सर्व्हर अडवण्याची सोय असते. घरगुती उपकरणांत ती सहसा नसते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली मात्र सुरू होताना जाळ्यात दुसरा सर्व्हर आहे का, हे विचारून पाहते आणि असल्यास स्वतः पत्ते वाटण्याचे टाळते. हा शहाणपणा प्रत्येक राउटरमध्ये असायला हवा होता, असे माझे ठाम मत झाले आहे.

एवढ्यावर काम संपले नाही, कारण मामेबहिणीच्या फोनवर उद्गारचिन्ह तसेच राहिले. तिचा पत्ता आणि गेटवे आता अचूक होते. तपशिलात मात्र खाजगी डीएनएस (नाव शोधण्याची विनंती गुप्त राखणारी सोय) सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश होता. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय फोनमध्ये आहे. ती ‘स्वयंचलित’ असेल तर सुरक्षित मार्ग न सापडल्यास फोन साध्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, सेवेचे क्रमांकित दार) परततो. पण एखाद्या सेवेचे नाव स्वतः लिहून दिले असेल, तर फोन हट्टाने तीच सेवा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवर मागतो आणि ती मिळाली नाही तर नाव शोधणेच थांबवतो. तिने जाहिराती अडवण्यासाठी असे नाव भरले होते, आणि मोबाइल डेटावर ते उत्तम चालत असल्याने संशय वाय-फायवर येणे स्वाभाविक होते. तिने ते नाव काढून टाकावे, असा सल्ला देणे सोपे होते, परंतु तिची मागणी रास्त होती. लॅपटॉपवरून १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्याचा ४४३ पोर्ट उघडत होता आणि ८५३ उघडत नव्हता. ओएनटीच्या फायरवॉलची (ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याची) पातळी ‘उच्च’ ठेवलेली होती आणि मोजकेच पोर्ट बाहेर जाऊ देणारी होती. पातळी न उतरवता ८५३ साठी बाहेर जाण्याचा नियम जोडला, तेव्हा तिचा फोनही चाचणीत उत्तीर्ण झाला.

आता पुढचे काम आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत; वरचे सगळे पत्ते जुन्या आयपीव्ही४ चे) चे आहे, जे ओएनटीवर बंद ठेवलेले आहे. ते सुरू असते तर हा दोष कितीतरी फसवा झाला असता: चुकीचा आयपीव्ही४ गेटवे घेतलेल्या फोनलाही ओएनटीने घोषित केलेला आयपीव्ही६ मार्ग मिळाला असता, गूगल आणि यूट्यूब चालले असते, फोनची चाचणीही उत्तीर्ण झाली असती, आणि केवळ आयपीव्ही४ वर चालणारी संकेतस्थळे तेवढी उघडली नसती. सुरू करण्यापूर्वी वरचा राउटर स्वतःच्या आयपीव्ही६ घोषणा करत नाही ना, हे वायरशार्क या पाकिटे पाहणाऱ्या साधनात तपासून घेणार आहे.