ठाणे ते जव्हार : ग्रीसिंगच्या पावतीवर विसंबून केलेला प्रवास

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वागळे इस्टेटमधील एका गॅरेजने माझ्या जुन्या, पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जीपच्या ‘संपूर्ण पुढील ग्रीसिंग’साठी १,८०० रुपये घेतले. मी गाडीखाली न वाकता ते दिले, ही माझी चूक होती. त्या पावतीतील निम्मे काम झालेलेच नव्हते.

पहाटे पाचला माजिवड्याहून निघालो आणि गायमुखच्या घाटात सारे उघड झाले. चढावर उखडलेला रस्ता, पुढे-मागे ट्रेलर, वेग जेमतेम ताशी १५ किलोमीटर, आणि वळण संपल्यावर आपसूक सरळ व्हायला हवे ते स्टिअरिंग मला ओढून सरळ करावे लागत होते. प्रत्येक खड्ड्यात उजव्या चाकापाशी खटखट होई आणि ती मनोरपर्यंत वाढतच गेली. हा घाट पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर लगेच गाडी न तपासता चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मनोर ते विक्रमगड ते जव्हार हा पुढचा रस्ता सोपा आहे.

जव्हारला पोहोचून गाडीखाली गेलो तेव्हा उजव्या टाय रॉड एंडचा (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा) निपल, म्हणजे ग्रीस भरायचे तोंड, रंगाने आणि वाळलेल्या चिखलाने बुजलेला होता, आतून नवे ग्रीस गेल्याची खूणही नव्हती, आणि त्याचे रबरी बूट (सांध्यावरचे आवरण) फाटून आत माती शिरली होती. याउलट शॅकलच्या, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या, रबरी बुशांवर (पिनेभोवतीच्या नळ्यांवर) मात्र ग्रीस सढळ हाताने थापलेले होते. तिथे ते नको असते, कारण साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते आणि मऊ पडते. बूट फाटलेला सांधा ग्रीस भरून वाचत नाही, तो बदलावाच लागतो. सुटा भाग ठाण्याहून मागवावा लागल्याने एक दिवस गेला. त्या दिवशी दाभोसा धबधबा पाहून आलो.

मागून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे काम स्वतः करावे किंवा समोर उभे राहून करवून घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि चासीखाली स्टँड देऊन पुढचा ॲक्सल लोंबता ठेवा, कारण शॅकलच्या पिनांवरचा भार उतरला की ग्रीस एरवी दाबलेल्या बाजूलाही पोहोचते. निपल आधी तारेच्या ब्रशने आणि फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीस भरायची गन तोंडावरची मातीच आत ढकलते. ग्रीस निपलच्या कडेने बाहेर येत असेल तर गन जोराने दाबत बसण्याऐवजी निपल काढून नवा बसवा, तो फार स्वस्त मिळतो. धातूचे बुश असलेल्या शॅकल पिनांतून जुने काळे ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा) यांच्या सांध्यांवर मात्र बूट किंचित फुगताच थांबा, नाहीतर तेच फाटते. लिथियमचे २ क्रमांकाचे (हा क्रमांक घट्टपणाचा) ग्रीस पुरते. ज्या सांध्याला निपलची सोयच नाही तो सहसा सीलबंद असतो, तेव्हा त्याच्या ग्रीसिंगचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत.

ढिलाई तपासायला एकाने चाके जमिनीवर ठेवून स्टिअरिंग थोडे-थोडे इकडेतिकडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. झिजलेला सांधा हाताला लगेच कळतो. ओढ्यातून गाडी घातली असेल तर त्याच संध्याकाळी पुन्हा ग्रीस मारा, कारण पाणी मिसळलेले ग्रीस दुधाळ होते आणि सांध्याला गंज चढू देते.

परतताना वाडा–भिवंडी मार्ग घेतला. खड्डे तिथेही होते, पण नव्या सांध्यामुळे वळणानंतर चाके आपसूक सरळ होत होती, आणि इतक्या थकव्यातही मला त्याचा फार आनंद झाला. टाय रॉड एंड बदलल्यावर टो-इन (पुढच्या चाकांचा एकमेकांकडचा किंचित कल) बिघडते, म्हणून ठाण्यात शिरल्यावर घरी न जाता आधी अलाइनमेंट करून घेतली.