ब्रेक म्हणजे तुटणे?

आज संध्याकाळी भाचीचा इंग्लिशचा अभ्यास घेत होते, सातवीत आहे ती, ब्रेक ब्रोक ब्रोकन असं धडाधड पाठ म्हणत होती. मी विचारलं अर्थ काय गं, तर म्हणाली तुटणे. तेवढ्यात तिच्या पेन्सिलचं टोक गेलं. मी म्हटलं आता सांग, टोक तुटलं का? "नाही मावशी, मोडलं!"

बस, मग तासभर तेच चाललं. दोरी तुटते, काठी मोडते, काच फुटते, आपल्याकडे वस्तू बघून क्रियापद बदलतं आणि इंग्लिशमध्ये तिन्हीला ब्रेकच. लाट फुटते तिथेही ब्रेक. खिशात दमडी नसेल तर ब्रोक. गाडीचा ब्रेक मात्र वेगळा, उच्चार तोच पण स्पेलिंग बी-आर-ए-के-ई, शाळेत मी स्वतः किती वेळा चुकलेय त्यात. नोट मोडायची असेल तर तिथेही ब्रेकच म्हणतात हे ऐकून तर ती खूशच झाली.

ब्रेकफास्टमधला फास्ट म्हणजे उपास, रात्रभराचा उपास मोडायचा तो ब्रेकफास्ट, हे सांगितल्यावर आई आतून म्हणाली, "मोडायचा नाही गं, सोडायचा! चंद्र बघून जेवलीस तर उपास सोडलास, मधेच तोंडात काही टाकलंस तर मोडलास." केवढा फरक आहे हा, आणि मला तो कधी कोणी शिकवला नव्हता, नुसता कानावर होता.

भाचीने वहीत तीन रकाने आखलेत, तुटणे मोडणे फुटणे. डे ब्रेक्स कुठे लिहू विचारत होती, आईनेच सांगितलं, तांबडं फुटतं 🌅