एका पायाने चालवलेली सायकल

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या नागपूरच्या घरी मागच्या खोलीत व्यायामाची एक सायकल उभी आहे. ती आणली माझ्या आईसाठी. काटोलजवळच्या खेड्यात तीस वर्षे तिने चुलीपुढे स्वयंपाक केला, आणि त्या धुराने तिच्या फुप्फुसांची जी अवस्था केली तिला डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, म्हणतात. सायकलवर बसली की तीन-चार मिनिटांतच ती थांबायची आणि म्हणायची, “पाय थकले नाही रे, श्वासच पुरत नाही.” तिचे हे वाक्य मी बरेच दिवस तक्रार म्हणून ऐकले. ते किती अचूक होते, हे तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका वेळी एकच पाय चालवायला सांगितले, तेव्हा मला उमगले.

एका पायाने सायकल चालवणे म्हणजे निम्मा व्यायाम, असे मला वाटत होते. अंबाझरी ते फुटाळा या वाटेवर रविवारी सायकल चालवण्याची मला सवय आहे, म्हणून प्रयोग आधी स्वतःवर केला. दोन्ही पायांनी 80 वॉटवर माझी नाडी 112 च्या आसपास स्थिरावली. तेच 80 वॉट एकट्या उजव्या पायावर घेतले तेव्हा ती 138 पर्यंत चढली, आणि मांडी इतकी पेटली की पाच मिनिटांतच थांबावे लागले. मात्र एका पायावर 40 वॉट, म्हणजे दोन पायांच्या वेळी त्याच्या वाट्याला आले होते तेवढेच काम ठेवले, तर नाडी शंभराच्या आतच राहिली. पायाचे काम तेच राहिले, पण हृदयावरचा आणि श्वासावरचा भार कितीतरी उतरला. या विषयातले सगळे मर्म मला या तिसऱ्या मोजणीत दिसते.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 1985 साली अँडरसन आणि साल्टिन या संशोधकांनी फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूला कामाला लावून त्यातला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा एक किलो स्नायू मिनिटाला जवळपास अडीच लिटर रक्त घेऊ शकतो, असे आढळले. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात साधारण 28 किलो स्नायू असतात. ते सगळे एकाच वेळी असे रक्त मागू लागले तर सत्तर लिटर लागेल, आणि सामान्य निरोगी तरुणाचे हृदय जोरात धावले तरी मिनिटाला वीस-पंचवीस लिटरच देऊ शकते. म्हणून बरेचसे स्नायू एकदम कामाला लागले की मज्जासंस्था त्यांच्याच रक्तवाहिन्या काहीशा आवळून धरते, नाहीतर रक्तदाब कोसळेल. दोन्ही पाय जीव तोडून चालतात तेव्हा प्रत्येक पायाला त्याच्या क्षमतेपेक्षा कमी रक्त मिळते. एकच पाय चालला तर हृदयाचा हात सैल राहतो आणि त्या पायाला हवे तेवढे रक्त पोहोचते. त्यामुळेच एका पायाने गाठता येणारा सर्वोच्च प्राणवायू-वापर दोन पायांच्या निम्मा नसतो, तो बहुधा सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो.

नागपूरच्या मे महिन्यात तर या वाटणीत आणखी एक वाटेकरी येतो. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की अंग थंड ठेवण्यासाठी त्वचाही रक्त मागू लागते, आणि शरीर फार तापले तर तिचा वाटा मिनिटाला सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतो. उन्हाळ्यात त्याच वॉटवर नाडी जास्त का धावते, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. आईची सायकल मी म्हणूनच कूलरसमोर ठेवली आहे.

आईच्या बाबतीत अडचण हृदयाची नव्हे, फुप्फुसांची आहे. पण हिशेब तोच. दोन्ही पायांना लागणारा प्राणवायू पुरवण्याइतका श्वास तिला घेता येत नाही, म्हणून मांड्यांना खरा व्यायाम मिळण्याआधीच तिचा दम संपतो, आणि व्यायामाअभावी मांड्या आणखी झिजतात. टोरांटोच्या डॉल्मेज आणि गोल्डस्टीन यांनी 2008 साली अशाच रुग्णांवर केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. एका गटाने सात आठवडे दोन्ही पायांनी अर्धा तास सायकल चालवली, दुसऱ्याने पंधरा मिनिटे एक पाय आणि पंधरा मिनिटे दुसरा. प्राणवायू वापरण्याची क्षमता दुसऱ्या गटाची अधिक वाढली. दोन्ही पाय आळीपाळीने चालवावेच लागतात, हेही महत्त्वाचे, कारण स्नायूंमधला बदल मुख्यतः ज्या पायाने श्रम केले त्यातच होतो. साल्टिन आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये एकाच पायाला सराव देऊन ते दाखवून दिले होते.

करताना मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रिकाम्या पेडलवर दुसऱ्या पायाचे वजन नसल्याने चालता पाय वर ओढून आणावा लागतो आणि जांघ दुखते; संशोधक त्यासाठी मोकळ्या पेडलवर सुमारे दहा किलोचे वजन लावतात. आईसाठी जड चाकाची सायकल आणि अगदी कमी भार पुरला. दुसरे, दोन पायांचा भार तसाच एका पायावर टाकू नये. नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, हे मी स्वतःवर पाहिले आहे, आणि आजारी माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच करू नये.

आता ती उजव्या पायाने दहा मिनिटे चालवते, मोकळा पाय शेजारच्या पाटावर टेकवते, थोडी विश्रांती घेते आणि मग डाव्याने दहा मिनिटे. गेल्या आठवड्यात उतरताना तिने मांडीवर हात दाबून धरला होता. “आज पायच भरून आले ना बाप्पा,” ती म्हणाली, आणि हे वाक्य तिने मध्ये न थांबता एका श्वासात पूर्ण केले.