मनूची नाव आणि नोहाचं तारू

नाशिकच्या भांडीबाजारात दुकान असलं की पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे नंतर बघतात. आधी विचारतात, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? कमरेला लागलं की आम्ही खालच्या फळीवरचे हंडे-कळशा वर चढवतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर बाजारातच पाणी शिरलं होतं.

अशा दिवसांत गिऱ्हाईक नसतं. शरणपूरची माझी मैत्रीण चहाला आली आणि म्हणाली, "अगं, तुमच्या मनूची नाव आणि आमच्या बायबलातल्या नोहाचं तारू एकच असणार बघ!"

ब्रह्मा म्हणजेच अब्राहाम, सरस्वती म्हणजेच सारा, असले फॉरवर्ड आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतच असतात. मी ते सरळ पुसते. पुराची गोष्ट मात्र पुसून टाकण्यासारखी नाही.

१८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश म्युझियममधल्या एका मातीच्या पाटीवर बॅबिलोनी पुराची कथा वाचली. त्यात नाव डोंगरावर टेकते, मग कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडून जमीन उघडी पडली का ते पाहतात. नोहा डोमकावळा आणि कबुतर सोडतो. इतका बारीक तपशील योगायोगाने जुळत नाही. या दोन गोष्टी शेजारच्याच.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या मनूकडे पक्षीच नाहीत. सकाळी हात धुताना ओंजळीत एक चिमुकला मासा येतो, "मला वाचव, मी तुला वाचवीन" म्हणतो. मनू त्याला आधी घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. पूर आल्यावर त्याच माशाच्या शिंगाला दोर बांधून नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. आणि नोहाच्या गोष्टीतल्यासारखा माणसांच्या पापाचा इथे उल्लेखही नाही, पूर येणार म्हणजे येणार. आम्हा गोदाकाठच्या लोकांना हे जास्त पटतं. म्हणून मैत्रिणीला म्हटलं, तुमची गोष्ट बॅबिलोनहून आलेली दिसते, आमची इथल्याच नदीकाठी सुचली असेल.

ती ऐकते थोडीच! "मग पाणी ओसरल्यावर काय करतो तुझा मनू?"

मनू पाण्यात तूप-दह्याची आहुती देतो. नोहा वेदी बांधून होम करतो आणि परमेश्वराला त्याचा सुवास आवडतो. बॅबिलोनी कथेत तर त्या वासाने देव माश्यांसारखे गोळा होतात. घर नाही, दार नाही, आणि तिघांनाही पहिल्यांदा सुचतं ते हेच.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने दुसरा चहा मागितला.