रात्री दोनचं सोनेगाव

आमच्या लहानपणी नागपुरात ‘विमानतळ’ हा शब्द फक्त पेपरात दिसायचा. तोंडात सगळ्यांच्या ‘एरोड्रम’च. सोनेगावचं एरोड्रम. दिवसा तिथं बघण्यासारखं फारसं काही नसे. वर्धा रोडनं सायकल हाणत गेलं तर तारेच्या कुंपणापलीकडे वाळलेलं गवत आणि लांबवर खांबाला लोंबणारी, वारा दाखवणारी ती कापडी पिशवी. नागपूर झोपलं की मग एरोड्रम उठायचं.

ते उठायचं टपालासाठी. रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री होते तेव्हा, १९४९ साली, रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास अशा चारी गावांहून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर चौघंही नागपुरात जमत. आपल्याजवळच्या थैल्या दुसऱ्यांना द्यायच्या, आपल्या गावच्या घ्यायच्या आणि आल्या वाटेनं परत. उजाडेपर्यंत जो तो आपल्या घरी. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा पैसे न घेता विमानात जागा मिळू लागली. म्हणजे लिहिणाऱ्याच्या खानदानात कोणी विमानाची पायरी चढलेलं नसे, त्याचं पत्र मात्र डकोटातून जाई.

नागपूर देशाच्या मधोमध आहे, हे झिरो माइलचा खांब दाखवून आम्ही पाहुण्यांना सांगतो. त्या मधोमध असण्याचा कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो या थैल्यांना, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या शेजारचे काका टपाल खात्यात होते आणि त्यांची रात्रपाळी एरोड्रमवर असे. एका डिसेंबरात मी इतका लकडा लावला की त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलंच. आईनं एकावर एक दोन स्वेटर चढवले, वर मफलर. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन.

कॅन्टीनमध्ये मला एका बाकावर बसवून काका म्हणाले, “इथून हलायचं नाही बे, समजलं का?” मी कशाला हलतो! चहावाला आणि दोन हमाल पैज लावत होते, आज पहिलं कोणाचं येते. मद्रास, असं हमालाचं म्हणणं. आली मुंबई. आधी नुसता एक दिवा, मग आवाज, मग खिडक्यांची पिवळी ओळ, आणि मागोमाग पेट्रोलसारखा वास. थोड्या थोड्या वेळानं बाकीचे तिघं. दिवसापेक्षा तिकीट स्वस्त म्हणून या विमानांतून माणसंही येत. अर्धवट झोपेतली, शाली गुंडाळलेली माणसं उतरून कॅन्टीनमध्ये आली आणि माझ्या बाकाभोवती बंगाली, तमिळ, पंजाबी असा सगळा बाजार भरला. सगळ्यांना कुठंतरी जायचं होतं. नागपूरला उतरलेला मात्र एकही जण मला दिसला नाही. मला जरा अपमान वाटला.

काका तिकडे दिव्याखाली थैल्या मोजत होते. एक जण थैलीच्या मानेला बांधलेली चिठ्ठी वाचून गावाचं नाव ओरडे, काका कागदावर खूण करत आणि थैली धप्पकन दुसऱ्या गाडीवर पडे. मुंबई. धप्प. कलकत्ता. धप्प. त्यात ‘नागपूर’ ऐकलं आणि मी हलायचं नाही हे विसरून धावलो. माझा मामा मद्रासला होता. “काका, यात मामाचं पत्र असेल ना? घेऊन टाका ना खिशात!”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चोरीच केली. “सील तोडू का थैलीचं? नोकरी जाईल ना बे पोट्ट्या माझी!”

पत्र आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, पोस्टमनच्या हातून. रात्री दोन वाजता माझ्यापासून हातभर अंतरावर होतं ते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं मग?

काकांची एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. परतीची विमानं धावायला लागली की ते बोलायचे थांबत. दिवा झाडांच्या वर गेला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. चारी वेळा तसंच. पुढे मोठा झाल्यावर समजलं, १९५३च्या डिसेंबरात यातलंच एक विमान सोनेगावहून उडता उडता कोसळलं होतं आणि एकटा वैमानिक वाचला होता. काका तेव्हा नोकरीला नवे होते. याबद्दल ते स्वतः कधीच बोलले नाहीत.

१९७३ साली ही सेवा बंद झाली. काकांची बदली स्टेशनवर झाली आणि रात्री झोपायची सवय काही त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. एरोड्रमला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, २००८ मध्ये काचेची नवी इमारत झाली. छान आहे. कॉफीची किंमत सोडली तर तक्रार नाही.

मागच्या हिवाळ्यात माझं विमान लेट होत होत पावणेदोनला उतरलं. न्यायला आलेला भाचा गाडीत बसल्यापासून जांभया देत होता. “काय मामा, रात्री दोनला कोणी विमान आणते का नागपुरात?”

“चार आणत,” मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी झोपेत आहे.